जुनी फोर बाय फोर घ्यायची आहे: जीप, जिप्सी की कॅम्पर? (खानापूर–चंदगड पट्टा)

जांबोटीचा_पाऊस

मंडळी, नव्या गाडीचं बजेट नाही, जुनीच घ्यायची आहे. तीन गाड्या नजरेत आहेत.

एक: एमएम ५४० जीप, कोल्हापूर पासिंग (एमएच-०९). आरसीवर प्यूजो डिझेल, बॉनेटखाली मात्र बोलेरोचं डीआय इंजिन.
दोन: जिप्सी किंग, एमपीएफआय, गोवा पासिंग. नुकताच रंग मारलेली, एकदम चकाचक.
तीन: बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, केए-२२, पिवळी पाटी.

वापर म्हणजे शेताकडची पाणंद (लाल माती, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, मध्ये एक ओढा), आठवड्यातून एकदोनदा बेळगाव, आणि सवड मिळेल तसं ऑफरोडिंग. करून घ्यायच्या गोष्टी: लिफ्ट (गाडी उंच करणं), ३१ इंची टायर, स्नॉर्कल (इंजिनाची हवा वरून घेणारी नळी), विंच (रुतलेली गाडी ओढायची चरखी), पुढं लोखंडी बंपर. सुरुवात कशापासून करू?

पाणंदवाट

ती यादी उलटीकडून वाच, आणि तिच्या आधी तू न लिहिलेली दुसरी एक यादी घाल. जुन्या गाडीत पैसा पहिल्यांदा चेसिसमध्ये जातो, मग स्टिअरिंग, ब्रेक, कूलिंग, मग ॲक्सल आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांचे सील-बेअरिंग. एवढं करून खिशात काही उरलं तर टायर. लिफ्ट सगळ्यात शेवटी, आणि तुझ्या वापराला ती लागेल असं मला वाटत नाही. जेवढ्याला गाडी घेशील त्याच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेव. ती नसेल तर कमी किमतीची गाडी बघ, पण ती रक्कम ठेवच.

गोव्याच्या जिप्सीवरचा नवा रंग ही मला जमेची बाजू वाटत नाही. खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळं किनारपट्टीची गाडी आतून कुजते. विजापूर-बागलकोटकडची गाडी दिसायला भकास असते, सीट फाटलेल्या, रबर तडकलेलं, पण चेसिस बहुतेक वेळा ठणठणीत निघतं. रबर बाजारात मिळतं. कुजलेलं चेसिस घेऊन कुठं जाणार?

बघायला जाताना एक छोटा हातोडा, जाड स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि अंथरायला पोतं ने. खाली झोपायचं आणि मागच्या कमानीचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर, शॅकलच्या (कमानीचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) जागा, मागच्या ॲक्सलवर चेसिस वाकतं तो भाग, बॉडी माउंटचे ब्रॅकेट आणि पुढचा क्रॉस मेंबर ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो. जिथं आवाज बसका येईल तिथं स्क्रू ड्रायव्हर रेटून बघ. खाली नुसतं काळं अंडरकोटिंग ताजं दिसलं तर तिथं जास्त वेळ दे. विकायच्या आठवड्यात कोणी हौसेनं अंडरकोटिंग मारत नाही.

जीपमध्ये आणखी एक जागा: स्टिअरिंग बॉक्स चेसिसला बसतो तिथं. एकाला स्टिअरिंग डावी-उजवी झटके देऊन हलवायला लाव आणि तू खालून बघ. बॉक्सबरोबर चेसिसचा पत्रा श्वास घेतल्यासारखा हलत असेल तर बोल्टच्या भोकापासून क्रॅक निघालेला आहे.

निपाणीकर_बी

+१. आणि इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच्या रात्री फोन करून सांगायचं, "आम्ही यायच्या आधी चालू करू नका." पोचलात की पहिला हात बॉनेटवर.

थंड स्टार्टला थोडा पांढरा धूर निघून मिनिटभरात गेला तर डिझेलला माफ. निळसर धूर टिकून राहिला तर ऑईल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा भपका आला तर पंप, इंजेक्टर नाहीतर चोंदलेला एअर फिल्टर. मग चालू इंजिनवर ऑईल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवून बघा. टोपण उडू लागलं, दणादण वाफ येऊ लागली तर रिंग गेल्या. रेडिएटरमध्ये इंजिन गरम होईपर्यंत सतत बुडबुडे आले तर हेड गास्केट किंवा हेडच. जुन्या प्यूजो इंजिनात हेडचं दुखणं जास्त असतं, म्हणूनच बऱ्याच जीपांत ते काढून डीआय बसवलेलं दिसतं. डीआय खडखडाट करतं, पळत नाही, पण त्याचे पार्ट गावोगावी मिळतात आणि त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही.

फॉर्म_अठ्ठावीस

इंजिन चांगलं असेल हो, पण आरसीवर प्यूजो आणि आत डीआय ही तुमची पहिली अडचण आहे. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. नोंद नसेल तर एनओसीच्या वेळी किंवा इकडं नव्या नंबराच्या तपासणीत गाडी अडकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. नोंद विकणाऱ्यानं करून द्यायची, तोवर व्यवहाराचा पैसा हातचा सोडायचा नाही.

सीमेपलीकडच्या गाडीचा क्रम असा. ज्या आरटीओत नोंद आहे तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. मग कर्नाटकात नवा नंबर घ्यायला फॉर्म २७ आणि इथला लाइफटाइम टॅक्स, जो गाडीच्या वयाप्रमाणं कमी होत जातो. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत कळवायचं. घेणाऱ्यानं ३० दिवसांत. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. बेळगावात कितीतरी एमएच-०९ आणि गोव्याच्या गाड्या वर्षानुवर्षं फिरतात, तो दाखला देऊ नका. जुनी उघडी जीप नाक्यावर लगेच डोळ्यात भरते.

पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंद फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. १ एप्रिल २०२२ ला चारचाकीची फी ५,००० रुपये झाली होती, आताची आरटीओत विचारा. नोंदीची मुदत किती उरली आहे ते बघूनच भाव बोला. चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं घासून प्रिंट घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आकडे वेड्यावाकड्या ओळीत असतील, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील तर तिथूनच परत फिरा.

लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी आणि जीपा आपल्याकडं पुष्कळ सांगितल्या जातात. लिलावाचं मूळ रिलीज लेटर आणि त्यावरून झालेली सिव्हिल नोंदणी, दोन्ही हातात आल्याशिवाय ती गाडी म्हणजे भंगार, असं समजून भाव करा.

जांबोटीचा_पाऊस

कॅम्परच्या पिवळ्या पाटीचं काय? शेतमाल न्यायला तीच सोयीची वाटते.

फॉर्म_अठ्ठावीस

स्वतःचा माल नेणार असाल तर राहू दे पिवळी. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा. फिटनेसला लिफ्ट, रुंद टायर, बाहेर आलेले रिम, छतावरचे दिवे, सगळं दिसतं. म्हणजे कॅम्पर घेतलीत तर तुमची अर्धी यादी आपोआप कटली. खासगी करून घेता येते, पण कराचा फरक किती बसतो ते आधी आरटीओच्या खिडकीवर विचारा, एजंटला नको. आणि हौद्यात माणसं बसवून फिरायचं नाही.

चंदगडी

फोर बाय फोर खरंच चालू होतंय का ते बघायची पद्धत कोणीच सांगितली नाही. कॅम्पर असो नाहीतर जीप, कितीतरी गाड्यांत लिव्हर हलतो आणि पुढची चाकं नुसती सोबत फिरतात.

सपाट जागा. इंजिन बंद, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. पुढचं एकच चाक जॅकवर उचलायचं, ॲक्सलखाली स्टँड. पुढचे हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे खटके) लॉक, ट्रान्स्फर फोर व्हीलमध्ये, गिअर पहिला. आता उचललेलं चाक हातानं फिरवा. थोडी मोकळीक सोडली तर ते फिरलं नाही पाहिजे. फिरलं तर हब, आतला शाफ्ट किंवा जॉइंट गेलाय. मग दुसऱ्या बाजूनं तसंच.

दुसरी गोष्ट जीपवाल्यांसाठी फार महत्त्वाची: पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) एकच आहे का. जुन्या जीपांत ८/४३ (म्हणजे ५.३८), ८/३९ (४.८८) आणि ११/४७ (४.२७) असे क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) आढळतात. एखाद्या ॲक्सलचं क्राउन मोडलं की मिळेल ते बसवलं जातं. मोजायचं असं: एकच चाक उचललेलं, प्रोपेलर शाफ्ट मोकळा (ट्रान्स्फर आणि गिअर न्यूट्रल, पुढचं मोजताना हब लॉक). शाफ्टवर खडूनं रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळं दोन फेऱ्यांना क्राउनचा एक फेरा होतो. शाफ्ट सव्वाचार फिरला तर ४.२७, पाचाला थोडा कमी तर ४.८८, पाच आणि एक तृतीयांशाच्या किंचित पुढं गेला तर ५.३८. पुढं-मागं उत्तर वेगळं आलं तर त्या गाडीत फोर व्हील टाकूच नका, ट्रान्स्फर फुटेल.

लेथवाला

चंदगडींनी मोलाचं सांगितलं. त्यात जिप्सीपुरती भर.

जिप्सीचा पुढचा ॲक्सल बंद नकलचा (चाक वळतं तो सांधा गोळ्यात बंद असलेला) आहे. चाकामागं जो गोळा दिसतो तो फडक्यानं पुसा आणि गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून परत बघा. गोळ्यावर ग्रीसची पातळ फिल्म हवी. पातळ काळं ऑईल ओघळत असेल तर आतला ॲक्सल सील गेला, डिफरन्शियलचं ऑईल नकलमध्ये येऊन ग्रीस धुतलं जातंय, आणि त्या ग्रीसवर चालणारा जॉइंट कोरडा पडतोय. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवा सील दोन महिन्यांत फाटतो. तो गोळा घासून भागत नाही, बदलावा लागतो.

चाक उचलून वर-खाली (बारा आणि सहाच्या जागी) धरून हलवा. खेळ लागला तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ). ५०-६० च्या वेगात स्टिअरिंग थडथडा हलतं त्याचं मूळ बहुतेक इथं किंवा टाय रॉड एंडमध्ये असतं. बरेच जण स्टिअरिंग डँपर बसवून मोकळे होतात. डँपरनं थरथर झाकली जाते आणि खालचा खेळ वाढत राहतो.

आता चेसिस वेल्डिंग. पैसा इथं सगळ्यात जास्त वाया जातो. क्रॅकच्या शेवटच्या टोकाला ६ मिमीचं भोक पाडायचं, नाहीतर वेल्डिंगच्या पुढून तो परत धावतो. क्रॅक ग्राइंडरनं व्ही करून भरायचा, वर प्लेट मारायची. प्लेट चेसिसच्याच जाडीची, फार तर अर्धा-एक मिमी जास्त. १० मिमीची प्लेट मारली की तो भाग कडक होतो आणि प्लेट संपते तिथं नवा क्रॅक येतो. प्लेटची टोकं सरळ उभी कापायची नाहीत, शंकरपाळ्यासारखी तिरकी. चेसिसच्या वरच्या-खालच्या कडेला आडवं वेल्डिंग टाळायचं. वेल्डिंगचा रॉड ७०१८, कोरडा. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड वापरू देऊ नका. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचं कनेक्शन काढा.

उद्यमबाग आणि मच्छेला लेथ, मिलिंग, हायड्रॉलिक होज सगळं मिळतं, आपल्या भागाचं ते नशीब. पण ऑर्डर देताना मटेरियल बोलून द्या. शॅकल पिनला ईएन-८ पोलाद सांगा. नाहीतर समोर पडलेला एमएसचा (साध्या मऊ पोलादाचा) तुकडा टर्न होऊन येतो, पहिल्याच हंगामात झिजतो आणि वाकतो. शाफ्ट लांब-आखूड केला तर बॅलन्सिंग केल्याशिवाय घेऊ नका, दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का तेही बघा.

काळी_माती

टायरचं बोलू. इथं सगळे लाल मातीवाले दिसतात. बैलहोंगल, अथणीकडच्या काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर कुठलाही टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत गोळा होतो. माझं मत रुंद मड टेरेन (चिखलासाठीचा खोल नक्षीचा टायर), हवा कमी.

पाणंदवाट

काळ्या जमिनीसाठी मान्य. पण धागाकर्ता जांबोटीचा आहे गा. तिथं वर लाल गारा आणि खाली जांभा. अरुंद उंच टायर चिखल कापून खालच्या दगडाला टेकतो, रुंद टायर वर तरंगत घसरतो. जीपला मूळचा ६.००-१६ कंपनीनं उगाच दिला नव्हता.

जिप्सीचा हिशेब सांगतो. २०५/७० आर १५ चा व्यास सुमारे ६६८ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३३, आणि ३१ इंची म्हणजे ७८७. व्यास वाढला त्याच्या निम्मंच गाडीचं पोट वर उचललं जातं. म्हणजे २३५ नं मिळाले साधारण ३३ मिमी, ३१ इंचीनं ६०. बदल्यात गिअरिंग २३५ ला १० टक्के आणि ३१ इंचीला १८ टक्के उंच झालं. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ किंवा ७१ नं पळत असेल. १.३ लिटरच्या इंजिनाला चोर्ला चढताना तो फरक जाणवतो. शिवाय ३१ इंची चाक वळताना पाट्याला आणि मडगार्डला घासतं, मग लिफ्ट आलीच, मग शाफ्टचा कोन, मग ब्रेक होज आखूड. एका टायरपायी सगळी गाडी उघडावी लागते. २१५/७५ आर १५ (सुमारे ७०३ मिमी) तुझ्या वापराला बास. मूळ मापापेक्षा वेगळं आहेच, तेव्हा फॉर्म_अठ्ठावीस म्हणतात ते ध्यानात ठेव.

हवा: डांबरावर २८-३०, चिखलात १८-२० पीएसआय. ट्यूब असेल तर त्याच्या फार खाली जाऊ नको. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर विंचच्या आधी घे. हवा भरायची सोय नसली की माणूस हवा सोडायला कचरतो.

काळी_माती

लाल मातीपुरतं मागे घेतो. काळ्या जमिनीचा हट्ट कायम. 🙂

लेथवाला

लिफ्ट करायचीच असेल तर आकडे बघून करा. शॅकल ५० मिमी लांब केला की गाडी २५ मिमीच उचलते. आणि पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर (चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागं कललेला कोन) बदलतो, स्टिअरिंग वळल्यावर आपोआप परत येत नाही, गाडी रस्त्यावर भरकटते. त्याला कमानीखाली २ ते ४ अंशांची वेज (पाचर) लागते. पाटे वाढवले तर उंची मिळते पण कमान कडक होते, चाक खड्ड्यात उतरतच नाही, हवेत राहतं. ऑफरोडला हे उलटंच काम. त्यापेक्षा जुने थकलेले पाटे सुटे करून गंज घासायचा, कमान परत चढवून घ्यायची, मध्ये ग्रीस, नवे बुश. मूळची उंची परत आली तरी निम्म्या लोकांचं समाधान होतं. ॲक्सलवर कमान घ्यायचा प्रकार (स्प्रिंग ओव्हर) जिप्सीत सुमारे पाच इंच देतो, पण ब्रेक मारल्यावर ॲक्सल गुंडाळला जातो आणि ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगच्या दांडीचा) कोन बिघडतो. घाटात रोज जाणाऱ्या गाडीला ते करू नका.

यू-बोल्ट काढले की नवेच बसवायचे. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर आवळायचे.

चंदगडी

ओढ्याचा विषय राहिला. जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटीकडं ते रोजचंच काम.

स्नॉर्कलच्या आधी ब्रीदर (ॲक्सल-गिअरबॉक्सची हवा आत-बाहेर जायचं छिद्र). चालून तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फरच्या ब्रीदरला ८ मिमीचा फ्युएल पाइप लावून फायरवॉलपर्यंत वर आणा, टोक खाली वळवून ठेवा. खर्च अगदी किरकोळ. पाण्यातून येऊन रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी ड्रेन नट सैल करा. पाणी असेल तर आधी तेच येतं. ऑईल दुधाळ दिसलं तर ईपी ९० (गिअर ऑईल) बदलायचंच, "पुढच्या सर्व्हिसला बघू" नाही. जिप्सीच्या पुढच्या डिफरन्शियलला सुमारे २ लिटर, मागच्याला दीड.

स्नॉर्कल बसवल्यावर तपासायचं कसं? इंजिन आयडलवर ठेवून तोंडावर रबराचा तुकडा किंवा फळी घट्ट दाबायची. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालत राहिलं तर खाली कुठून तरी हवा, म्हणजे उद्या पाणी, आत येतंय. बहुतेक वेळा एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाचं भोक नाहीतर होजची सैल क्लिप. स्नॉर्कल दिसतो छान, पण जिप्सीत पेट्रोलचं इग्निशन आणि फ्यूजबॉक्स खालीच राहतात, हे विसरू नका.

खोल पाण्यात फॅनची पाती पाण्याला आपटून पुढं वाकतात आणि रेडिएटर फाडतात. पुढं ताडपत्रीचा तुकडा बांधा, पहिला गिअर लो, थांबायचं नाही, मध्ये क्लच दाबायचा नाही. इंजिन पाणी ओढून बंद पडलं तर सेल्फ मारू नका. डिझेलला इंजेक्टर, पेट्रोलला प्लग काढून हातानं फिरवून पाणी बाहेर काढा. सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून ड्रम कोरडे करा, मगच वेग.

निपाणीकर_बी

आमच्याकडचे मेकॅनिक गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. ते करू देऊ नका. पावसाळ्यात इंजिन कधी तापतच नाही, ऑईलमध्ये गाळ धरतो, डिझेल जास्त जातं, रिंग झिजतात. गरम होत असेल तर रेडिएटर उघडून साफ किंवा नवा कोअर, फॅनचा शराउड जागेवर आहे का, बेल्ट सैल आहे का, हे आधी. नळाचं पाणी नको, कूलंट.

जीपचे ब्रेक बघून घ्या. नुसते ड्रम, बूस्टर नाही, अशी जीप डीआय इंजिन टाकून घाटात उतरवणं मला पटत नाही. टँडम मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि डीआयच्या अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप, हे एकत्र बसवलेलं असेल तर त्या जीपला जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

जांबोटीचा_पाऊस

विंच आणि बंपर राहिले की.

पाणंदवाट

लोखंडी बुलगार्डवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश काढलेत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. तेव्हा ते राहू दे.

त्याऐवजी पुढं-मागं चेसिसला बोल्ट केलेले चांगले हुक कर. बंपरला किंवा टो बॉलला दोर लावायचा नाही. दोर अडकवायचा शॅकल (कमानीचा नव्हे) पाऊण इंची, ४.७५ टनाचा शिक्का असलेला. विंचचा नियम भरलेल्या वजनाच्या दीडपट: जीप २,००० किलो धरली तर ३,००० किलो, म्हणजे ६,६०० पाउंड, पण रुतल्यावर ओढ वाढते म्हणून ८,००० च्या वरचा घे. लिहिलेली ओढ ड्रमवरच्या पहिल्या थरालाच मिळते. पूर्ण जोर लागला की विंच चारशेच्या आसपास अँपिअर खातो. जुन्या गाडीचा अल्टरनेटर त्याच्या दशांश देईल, म्हणून इंजिन चालू ठेवून थांबत-थांबत ओढायचं. स्नॅच ब्लॉक (कप्पी) असला तर ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा.

खरं सांगू? आपल्या भागात विंचच्या आधी ट्रॅक्टर येतो. ऊस हंगामात तर पाच मिनिटांत. पण ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन येतो आणि झटका देतो. झटका द्यायचाच तर नायलॉनचा कायनेटिक दोर, साखळी किंवा वायर रोप कधीच नाही. वायर रोप असेल तर हळू ओढ, आणि त्यावर मधोमध ओलं गोणपाट टाकायचं, तुटला तर उसळी कमी होते. माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. पोरंटोरं तमाशा बघायला जवळ येतात, त्यांना आधी हाकला.

फॉर्म_अठ्ठावीस

ऑफरोडिंग कुठं करणार तेही ठरवा. खानापूर तालुक्यात भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, त्याच्या आत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. ओढ्याच्या पात्रातून वर चढत जाणं, शोला-गवताळ माळावर चाकं फिरवणं, यात गाडी जप्त होऊ शकते. स्वतःचं किंवा ओळखीच्या माणसाचं रान, बंद पडलेली खाण मालकाला विचारून, बस्स.

जांबोटीचा_पाऊस

जीप बघून आलो. चंदगडींची खडूची पद्धत केली. मागं सव्वाचार फेरे, पुढं (ॲक्सलच्या फ्लँजवर रेघ मारून) पाचाच्या वर. आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून डिकीत ठेवलेला होता, मालक म्हणतात आवाज येतो म्हणून काढला. चेसिस मात्र टणटणीत, स्टिअरिंग बॉक्सजवळही क्रॅक नाही. बूस्टर आहे. इंजिनाची नोंद करून द्यायला तयार आहेत.

चंदगडी

आवाज कशाचा ते कळलं म्हणायचं. मागं ११/४७, पुढं ८/४३.

चेसिस चांगलं असेल तर गाडी सोडू नका, भाव पाडा. एका ॲक्सलचा क्राउन-पिनियन, बेअरिंग, सील आणि मजुरी एवढं वजा. आणि शाफ्ट असाच काढून ठेवण्याआधी कोणी फोर व्हीलमध्ये डांबरावर चालवली असणार, म्हणून ट्रान्स्फरचं ऑईल खाली काढून चुंबक फिरवा. बारीक चकाकी चालते, दातांचे तुकडे नकोत.

लेथवाला

कुठला बदलायचा ते वापरावर. मागचा ८/४३ केला तर चिखलात आणि चढाला मजा, पण डीआय बेळगावच्या रस्त्यावर ६० लाच ओरडायला लागेल. तुमचं आठवड्याला बेळगाव आहे, मी असतो तर पुढचा ११/४७ केला असता. लो गिअर आहेच.

क्राउन आणि पिनियन जोडीनंच घ्या, दोन्हींवर एकच जोड-नंबर खोदलेला असतो. बसवताना मेकॅनिकसमोर उभे राहा. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) शिमनं (पातळ चकत्यांनी), बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजनं, आणि शेवटी दातांना निळा रंग लावून फिरवून छाप बघायचा. छाप दाताच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा मुळाशी आला तर परत उघडून शिम बदलायची. "गाडी चालेल तशी बसेल" असं जो म्हणेल त्याच्याकडून ॲक्सल उचलून दुसरीकडं न्या. पहिल्या ५०० किलोमीटरला ऑईल बदला, तोवर भरलेली ट्रॉली ओढू नका.

जांबोटीचा_पाऊस

पुढच्या ॲक्सलला ५०० किलोमीटर व्हायला फोर व्हीलमध्येच चालवायला लागेल का?

लेथवाला

नाही. हब लॉक करून टू व्हीलमध्ये चालवा. क्राउन-पिनियन फिरतात, लोड येत नाही. निम्मं अंतर तसं काढा, मग पाणंदीत मऊ मातीवर फोर हायमध्ये हळूहळू लोड द्या. डांबरावर फोर व्हील नाही, रेशो जुळल्यावरसुद्धा. मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळं वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो ताण दातांवरच येतो.